चर्चसमोरचं पाऊल

"बाबा रात्री घरी येऊन गेले," रजनीताईंनी पोलीस ठाण्यात फोन करून सांगितलं. "जाताना चर्च घेऊन गेले."

त्यांच्या बाबांना, आर्किटेक्ट शरच्चंद्रांना, आदल्या दुपारीच अग्नी दिला होता.

सब-इन्स्पेक्टर रेणुका लोणावळ्याच्या बंगल्यावर पोचली. दिवाणखान्याची एक भिंत उघडी पडली होती. तिथे पुरुषभर उंचीचं मॉडेल असायचं. फ्लॉरेन्सच्या सॅन लोरेन्झो चर्चचा दर्शनी भाग मायकेलअँजेलोने आखला, पण तो बांधला गेलाच नाही. चर्चचं तोंड आजही ओबडधोबड आहे. शरच्चंद्रांनी तो दर्शनी भाग सागवानात उभा केला, आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीतच प्राण सोडला.

खुर्चीजवळ दिवा होता. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते पाहायला पसरतात तसं पीठ होतं, पण भिंतीपासून दारापर्यंत ऐसपैस. त्यात एकच अनवाणी पाऊल, दाराकडे निघालेलं. रेणुका त्यावर वाकली.

"हात लावू नका," रजनीताई म्हणाल्या. "तेवढंच उरलंय त्यांचं."

"पीठ कोणी पसरलं?"

"भागुबाईनं," शरच्चंद्रांचा पुतण्या विहंग म्हणाला. "संध्याकाळी मॉडेलपुढे बसून पसरत होती, मी पाहिलं. किल्ल्याही तिच्याकडेच. भुताच्या नावावर चोरी केलीय."

"तिला खोली रिकामी करायला सांगितलंय मी," रजनीताई म्हणाल्या.

बंगला सांभाळणारी भागुबाई मागच्या खोलीत गाठोडं बांधत होती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते.

"मावशी, पीठ तुम्ही पसरलंत?"

"न्हाई बाई. आमी बौद्ध. आमच्या सासऱ्यानं छप्पन सालीच सोडलं हे समदं."

रेणुका केरसुणी घेऊनच परतली. रजनीताई आडव्या आल्या.

"ताई, हे पाऊल बाबांचं ठरलं, तर मी तुमची माफी मागेन."

पीठ बाजूला झालं. खाली फरशीवर ताजे चरे होते, भिंतीपासून थेट दारापर्यंत. दाराबाहेर विहंगची पिकअप उभी होती.

"मॉडेल ओढलं तेव्हाचे चरे," रेणुका म्हणाली. "पीठ आधी असतं तर ते फरफटलं असतं. म्हणजे मॉडेल आधी गेलं, पीठ नंतर आलं. मग मॉडेलपुढे पीठ पसरणारी बाई तुम्ही पाहिलीत कशी, विहंग? चरे झाकायला पीठ तुम्हीच टाकलंत. पाऊलही तुमचंच. गेलेल्या माणसाच्या पावलावर केरसुणी फिरवायला कोण धजणार? पण आपल्या घरची रीत तुम्ही बौद्ध बाईच्या माथी मारलीत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

विहंग खाली बसला. "मळवलीच्या फार्महाऊसवर आहे. रिसॉर्टवाला घेणार होता. काका ते कॉलेजला देऊन टाकणार होते. शेवटी लाकूडच ना?"

रजनीताईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या पिठाच्या ढिगाकडे पाहत होत्या.

"म्हणजे बाबा आलेच नव्हते," त्या म्हणाल्या आणि काल स्मशानात रडल्या नव्हत्या तेवढ्या रडल्या.

मग त्या मागच्या खोलीकडे धावल्या. "भागुबाई, चुकलं माझं. राहा इथेच."

भागुबाईने गाठोडं काखेत मारलं.

"सायबांस्नी रोज सकाळी च्या मीच द्यायची. काल खुर्चीत ते उठंनात तवा हाक मारली ती बी मीच. चोर म्हनायच्या आदी ताई, तुमी एकडाव इचारायचं तरी, का गं, तू नेलंस का म्हून."

आंदर मावळातल्या भावाकडे जायला ती स्टेशनच्या वाटेला लागली. रजनीताई फाटकापर्यंत मागोमाग गेल्या. हाक मारायचं धाडस त्यांचं झालं नाही.