निकोनचा मुखवटा

मुखवटा देवळात पोचवायचा, त्या दुपारी एवढंच काम होतं. आमच्या अथेन्समध्ये नाटकाचे मुखवटे अखेरीस दिओनिसस देवाच्या भिंतीवरच जातात. निकोन, माझा नवरा, हिवाळ्यात तापानं गेला. शेवटी घसाच बसला होता त्याचा. नाटकांतून साऱ्या नगरीला रडवणारा तो आवाज. मला निरोपाचा एक शब्दही मिळाला नाही.

सोबत नणंद होती, ग्लिकेरा.

"वहिनी, तान्हं पोर आहे का ते? किती कवटाळशील!"

मुखवटा तरुण विधवेचा होता. कडक केलेल्या कापडाचा, पांढराफटक, केस कातरलेले. आमच्याकडे नाटकात बायकांची कामंही पुरुषच करतात. हा चेहरा चढवून निकोन रडला, की खऱ्या विधवा तोंडावर पदर घ्यायच्या.

देवळात गारवा होता. भिंतीवर दाढीवाले राजे, वाकड्या तोंडाचे गुलाम, कोवळ्या पोरी... सगळ्यांची तोंडं उघडी आणि डोळ्यांच्या जागी भोकं. पुजारी शिडी आणायला मागे गेला. ग्लिकेरा दाराशीच थांबली.

मी मुखवटा चढवला.

आत त्याचा वास होता. घामाचा, आणि घशासाठी तो चाटायचा त्या मधाचा.

"निकोन..." मी हळूच म्हटलं. "कुठे आहेस रे?"

ओठ माझेच हलले. पण आवाज... त्याचा आला.

"इथंच आहे, मिर्तो."

भ्यायला हवं होतं मी. पण वाटलं ते एवढंच, की हे थांबू नये.

"मला इथंच राहू दे ना, तुझ्यापाशी..."

मग अगदी कानाशी,

"राहा..."

"वहिनी!" ग्लिकेरानं मुखवटा ओढून काढला. "दादाची नक्कल करतेस? लाज वाटत नाही?"

पुजाऱ्यानं मुखवटा टांगला, आमच्यामागून बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि तो निघून गेला. बाहेर लख्ख ऊन होतं. आम्ही पायऱ्या उतरू लागलो, तोच बंद दारामागून बाईचा आवाज आला.

"निकोन... थंडी नाही ना वाजत तुला?"

आणि पुरुषाचं हलकं हसू.

ग्लिकेरानं माझं मनगट घट्ट धरलं. ती माझ्या मिटलेल्या ओठांकडे बघत होती.

"वहिनी... हा तर तुझा आवाज..."

आत ती त्याच्याशी बोलतच होती, आणि मला तिचा हेवा वाटत होता.