बत्तीस हजारांतून एकदा

कूलर कोणी लावला हे मागे वळून पाहायच्या आतच माझा अख्खा सोमवार उडाला!

खोटं नाही सांगत. शहात्तर सालचा जून, शाळा उघडायला चार दिवस, आणि पाचपावलीतल्या त्या शाळेत मी नवीकोरी गणिताची बाई. टीचर-रूमच्या मोठ्या टेबलावर सकाळपासून चिठ्ठ्या मांडून मी शाळेचं टाइमटेबल लावत होते. एका चिठ्ठीवर एक तास, विषय आणि शिकवणाऱ्याचं नाव; सोमवारच्या चिठ्ठ्या नुकत्याच लावून झाल्या होत्या. घामानं डोळे चुरचुरत होते, पण चिठ्ठ्या उडतील म्हणून कूलर मुद्दाम बंद ठेवलेला. आणि कोणीतरी खट्‌कन बटण दाबलं... वाळ्याचा ओला गार झोत आला. इतिहास खिडकीत, हिंदी कपाटावर, आणि कवायत थेट पाण्याच्या माठात!

"अहो! अक्कल गहाण ठेवून आले काय तुम्ही?" मी ओरडलेच.

कूलरसमोर एक उंच माणूस डोळे मिटून उभा होता. जवळच्या इंदोरा वस्तीतून भर उन्हात सायकल मारत आलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं डोळे उघडले, उडणाऱ्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं—आणि पाहतच राहिला.

"मले वाटलं, खोलीत कोणी नाही," तो म्हणाला. "मी वसंत गजभिये. चित्रकला अन् भूगोल."

"मी जया रामटेके. अन् तुमच्या मानेवर चिकटलाय ना, तो माझा गणिताचा तास आहे."

त्यानं ती चिठ्ठी काढली, फुंकर मारून वाळवली आणि माझ्या तळहातावर ठेवली. बोटं जेमतेम लागली असतील. पण एवढा आलेला राग कुठे गेला, तो मलाच सापडेना.

तेवढ्यात आमच्या मोठ्या बाई आत आल्या. सिंधूताई म्हणजे शाळेच्या हेडमिस्ट्रेस. त्यांची चप्पल वाजली तरी पोरं पाढे म्हणायला लागायची.

"तुम्ही उडवल्या ना, गजभिये? मग आता तुम्हीच बसा मदतीले," त्या म्हणाल्या. "अन् दोघंही ऐका. सकाळच्या पाळीत एक जण कमी पडून राहिला. शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात तुम्हा दोघा नव्यांपैकी एकाले तिकडे पाठवीन. कोणाले, ते पाहू."

सकाळची पाळी अकराला सुटायची, आमची बाराला भरायची. एक येणार तेव्हा दुसरा घरी गेलेला असणार. मी मान डोलावली. मला काय फरक पडत होता?

संध्याकाळपर्यंत पडायला लागला.

"एवढा काय विचार करून राहिल्या?" तो म्हणाला. "आठ तास, आठ विषय. लावून टाका कसेही."

"कसेही म्हणजे किती प्रकारे, माहीत आहे?" मला चढलंच. "पहिल्या तासाला आठांपैकी कोणताही विषय. दुसऱ्याला उरलेल्या सातांपैकी. तिसऱ्याला सहांपैकी. असं गुणत गुणत जायचं... चाळीस हजार तीनशे वीस! अन् हा एका वर्गाचा एकच दिवस झाला!"

"बापा!" तो खुर्चीत सावरून बसला. "एवढ्यातून तुम्ही एक शोधणार?"

"अटी असतात ना. हिंदीच्या बाई कामठीहून बसनं येतात, त्यांना पहिला तास देता येत नाही. जेवणावर लगेच कवायत ठेवली तर पोरं ओकतात. एकेक अट घातली की मांडण्या कमी कमी होत जातात."

"मग... आपलीही एखादी अट घालता येते काय?"

"तुमची कोणती अट?"

"सांगीन कधी," तो म्हणाला. चिठ्ठ्या रंगवत होता, मान वर केलीच नाही. कान मात्र लाल झाले होते, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो तर्री-पोहे घेऊन आला, चण्याची झणझणीत पातळ तर्री वेगळ्या डब्यात. मी आधी पोहे घेतले, वरून तर्री ओतली. त्यानं आधी तर्री ओतली आणि तिच्यात पोहे टाकले.

"हे काय? उलटं काहून?" मी विचारलं.

"क्रम बदलला म्हणजे नवी मांडणी. कालच शिकवलं ना तुम्ही?"

"पण पोटात जाऊन एकच होणार की!"

"मग ते काय झालं?"

"ते कॉम्बिनेशन. त्यात क्रम मोजत नाहीत, फक्त कोण कोण बरोबर आहे तेवढंच पाहतात."

"हे मले जास्त आवडलं," तो म्हणाला, आणि असा काही हसला की माझा घास हातातच राहिला. वर म्हणतो कसा—"तिखट लागलं काय, मॅडम? चेहरा लाल झाला तुमचा..."

चार दिवस असे भुर्रकन गेले. चित्रकलेचा हात त्याचा, म्हणून शेवटचा मोठा तक्ता त्यानंच घरून रंगवून आणला. कवडूभाऊ शिपायानं तो भिंतीला ठोकला आणि मी तपासायला उभी राहिले. आधी माझी ओळ पाहिली. सोमवारी तिसरा तास मोकळा, मंगळवारी पाचवा. मग—उगाचच हं!—त्याची ओळ पाहिली. सोमवारी तिसरा, मंगळवारी पाचवा, बुधवारी दुसरा... मी पुन्हा माझी पाहिली. बुधवारी दुसरा! गुरुवारी सहावा, त्याचाही सहावा. शुक्रवारीही तेच!

मनातल्या मनात मी गुणाकार करत होते. रोजच्या आठ तासांत प्रत्येकाला मोकळा एकच, म्हणजे एका दिवशी दोघांचा मोकळा तास एक येण्याची शक्यता आठांत एक. पाच दिवस लागोपाठ म्हणजे आठाला आठानं, पुन्हा आठानं... आणि ओठ दाबून हसू आवरत होते. ही त्याची अट! बाकीचा तक्ता तपासायचा राहिलाच. खरं सांगते, त्यानंतर मला त्या भिंतीवर दुसरं काही दिसलंच नाही.

शाळा सुरू झाली. सोमवार, मंगळवार, बुधवार... रोज एक तास, दोन कप चहा आणि आम्ही दोघं. बोलायचो पोरांबद्दल, नकाशांबद्दल, खडूबद्दल. जे बोलायचं ते दोघांच्याही जिभेवर येऊन परत जायचं.

गुरुवारी सहाव्या तासाला कवडूभाऊ धावत आला. "बाई, नववी ब मधे कोणीच नाही! पोट्टे बाकावर नाचून राहिले!"

त्याच्या मागोमाग सिंधूताई. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. गुरुवार, सहावा तास. हिंदीच्या बाई आठवी अ मध्ये आणि त्याच वेळी नववी ब मध्येसुद्धा!

"हिंदीच्या बाईचे दोन तुकडे करू काय मी?" त्या कडाडल्या. "नववी ब चा भूगोल इथून कोणी काढला, गजभिये?" आणि मग त्यांचं बोट थांबलं. सोमवारवर गेलं. तिथून एकेक दिवस पुढे सरकत शुक्रवारपर्यंत आलं. "पाचही दिवस दोघांचा मोकळा तास एकच?"

"योगायोग असन, बाई," वसंत पुटपुटला.

"काय वं जया, तू गणितवाली. असा योगायोग कितीदा होते?"

काहीतरी थाप मारता आली असती. पण आकडा विचारला की तो माझ्या तोंडून निघतोच, काय करू!

"बत्तीस हजार सातशे अडुसष्टातून एकदा," मी म्हणाले.

कवडूभाऊनं टोपीत तोंड लपवलं.

"मग झालंच," सिंधूताई म्हणाल्या. "गजभिये, उद्यापासून सकाळची पाळी तुमची."

"बरं, बाई," वसंत म्हणाला.

बरं? नुसतं बरं? उद्यापासून हा माणूस मला दिसणार नाही, आणि हा म्हणतो बरं! रडू येत होतं आणि त्याचा अस्सा राग येत होता. तक्त्यावर एवढी हिंमत करता येते, मग तोंडानं एक शब्द काढता येत नाही?

"बाई, दोघांना एकाच पाळीत ठेवता येणार नाही का?" मीच विचारलं.

"तसा हट्ट मी फक्त नवरा-बायकोचा ऐकते. त्यांची चूल एक असते म्हणून." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही काय नवरा-बायको आहा?"

"अजून नाही," मी म्हणाले.

म्हणाले आणि हादरलेच! वसंतनं रिकामाच कप तोंडाला लावला. सिंधूताईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे हलत होते त्यांचे, नक्की हसत होत्या.

"मग सकाळसाठी मले दुसरं कोणी पाहावं लागन," त्या तिकडेच पाहत म्हणाल्या. "अन् आता नववी ब मधे कोणी जाता, का शाळा बंद करू?"

आम्ही दोघंही पळालो. व्हरांड्यात त्यानं मला गाठलं, धापा टाकत.

"तुम्ही... मले विचारलं पण नाही!"

"तुम्ही मला विचारलं होतं, पाचही दिवस माझ्यासोबत बसायचं म्हणून?"

"भेव लागत होतं, जया. तू नाही म्हणशील म्हणून." तो थांबला. मीही थांबले. "मले तू लय आवडते. सकाळची पाळी ऐकली तेव्हा जीवच गेला होता माझा..."

"मग बरं काहून म्हणाला?"

"दुसरं काही सुचलंच नाही!"

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. "मलाही आवडता तुम्ही. रविवारी घरी या. बाबांशी बोला, पण तिथे बरं-बरं करत बसू नका."

"नाही करणार," तो म्हणाला, आणि माझा हात घट्ट धरला. नववी ब च्या दारापर्यंत तो सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आम्ही आत शिरलो तशी बाकांवरची पोरं टणाटण खाली उतरली. दोन-दोन शिक्षक एकदम! वर्ग चिडीचूप. पुढच्या बाकावरच्या देवकीनं भीत भीत विचारलं, "बाई, हा तास कोणाचा आहे?"

मी वसंतकडे पाहिलं.

"आमच्या दोघांचा," तो म्हणाला, आणि त्यानं खडू उचलला.