गोंधळ दिसला की विचारायचं

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. माझी चौदा वर्षांची नात स्वमग्न आहे, माणसांच्या चेहऱ्याकडे बघतच नाही. तिच्यासारख्या मुलांच्या केंद्रात नवा खेळ आला होता. पडद्यासमोर बसायचं, कॅमेरा चेहरा न्याहाळतो आणि मनात काय चाललंय ते लिहून दाखवतो. ती एकटी बसेना, म्हणून शेजारी मी बसले. माझ्या चेहऱ्याखाली उमटलं — राग.

"बिघडलंय तुमचं यंत्र."

यंत्र सांभाळणारे गृहस्थ वाकून बघू लागले. पांढरे केस, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर विसरलेला. "यंत्र ठणठणीत आहे, आजीबाई."

"आजी मी हिची. तुमची नव्हे!"

"बरं झालं," ते हळूच हसले.

बरं झालं...? म्हणजे काय? घरी भांडी घासताना तेच डोक्यात.

मग दर गुरुवार तसाच. नात एकेक चेहरा ओळखायला शिकत होती. खेळाचा नियम तिला तोंडपाठ — गोंधळ दिसला की थांबायचं, विचारायचं. आणि माझ्या चेहऱ्याखाली राग जाऊन गोंधळच यायला लागला, ते जवळून गेले की हमखास! तीन सुना जिच्यापुढे चळाचळा कापतात, ती मी गुरुवारी दोनदा केस विंचरत होते.

खेळाची तीन महिन्यांची मुदत संपली. ते कॅमेरा काढून वायर गुंडाळत होते. गुंडाळलेली वायर त्यांनी सोडली, पुन्हा गुंडाळली.

"आता आपली भेट कशी व्हायची...? गुरुवारी माझ्याकडे चहाला आलात तर... दोघीही."

अख्खी गल्ली गार करणाऱ्या माझ्या तोंडून "बघू," एवढंच निघालं. त्यांचा चेहरा उतरला. पिशवी उचलून ते दाराकडे निघाले.

नात माझ्या भुवयांकडे टक लावून होती. "आजी, गोंधळ." मग नियमाप्रमाणे थांबली आणि विचारलं, "तुला हे आजोबा आवडतात का?"

माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"हो गं... आवडतात."

दारातली पिशवी धप्पकन खाली. नातीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, चांगलं निरखून.

"आनंद," ती म्हणाली.

"अगं, यंत्र तर बंद आहे!" मी म्हणाले.

"माहितीये. मीच बघितलं."

"आता माझ्याकडे बघू नकोस," म्हणत मी तोंड खिडकीकडे फिरवलं. "आणि तुम्ही — चहात साखर कमी घाला."