ओवीच्या हृदयाचं जुळं

पडद्यावरचं हृदय ओवीचं होतं, असं सगळे म्हणत होते. ते कसं संथ, एका लयीत धडधडत होतं. डॉक्टर नसीम तडवी समाधानाने म्हणाल्या, "छान चाललंय की!" आणि त्याच सकाळी रुग्णालयाचा जिना चढताना ओवीला धाप लागून मध्येच बसावं लागलं होतं.

मग खरं कोण, ती की पडदा?

ओवीने विचारलंही नाही. अकरा वर्षांच्या त्या मुलीला आता सुयांचा, नळ्यांचा आणि "घाबरायचं नाही हं" म्हणणाऱ्या माणसांचा वीट आला होता. डॉक्टर गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आबा, ते माझं हृदय नाहीच."

"नाहीच," शेजारी बसलेले तिचे आजोबा, आबा, म्हणाले. तेही दमले होते. आयुष्यभर त्यांनी जलविद्युत केंद्रात शास्त्रज्ञ म्हणून काम केलं होतं. "ते डिजिटल जुळं आहे (खऱ्या वस्तूकडून माहिती घेऊन तिच्यासारखंच वागणारं संगणकातलं रूप)."

"म्हणजे फोटोच ना?"

"फोटो काढला की तिथेच थांबतो. जुळं खऱ्याबरोबर बदलत जातं. आमच्या टर्बाइनचं (पाण्याच्या जोराने फिरणाऱ्या चाकाचं) असं जुळं होतं. पाणी एकदम वाढवलं तर पातं तडकेल का, हे आधी जुळ्यावर करून बघायचो. विमानाच्या इंजिनाचं करतात, पुलांचं करतात, कारखान्यातल्या यंत्रांचंही करतात. जुळं मोडलं तर पुन्हा सुरू करता येतं. खरं मोडलं तर..." आबा थांबले.

"मग त्याला धाप का लागत नाही?"

आबांनी चष्मा काढला. "आमचं जुळंही एकदा असंच फसलं होतं," ते हळूच म्हणाले. "चाक थरथरत होतं आणि जुळं म्हणे, सगळं ठीक. आम्ही मोजमापं घेतली होती ती चाक हळू फिरत असताना. जोरात फिरणं त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. ओवी, तुझी मोजमापं कशी घेतात?"

"झोपवून. नेहमीच."

आबांनी तडक जाऊन डॉक्टरांना ओवीच्या खाटेपाशी आणलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टर तडवींनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "तिला त्रास होईल म्हणून आम्ही चालवलंच नाही. नळीतून फुगा घालून हृदयाची अरुंद झडप रुंद करायचं ठरलंय, पण त्याआधी हे बघायलाच हवं. ओवी, आणखी एक तपासणी. चालशील?"

नाही म्हणावंसं ओवीला फार वाटलं. "लवकर उरका," ती म्हणाली.

छातीवर संवेदक (शरीरातले बदल टिपणारी छोटी उपकरणं) लावून ती ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्यावर चालू लागली. डॉक्टरांनी तिचा दंड धरला होता. पडद्यावरचं हृदयही पळू लागलं. अचानक झडपेच्या खालचा जाड स्नायू आवळला आणि रक्ताची वाट अडली. त्याच क्षणी ओवीचा श्वास कोंडला.

"थांबवा पट्टा!" डॉक्टर ओरडल्या. मग श्वास सोडून म्हणाल्या, "दुखणं झडपेत नाही, खाली आहे."

ओवी खुर्चीत कोसळली. पडद्यावर तिचंच कोंडणं दिसत होतं. आता कुणाला समजावून सांगायला नको, एवढंच तिच्या मनात आलं.

डॉक्टरांनी जुळ्यावर फुगा लावून पाहिला. वाट अडलेलीच राहिली. मग झडपेखालचा स्नायू कापून पाहिला. जास्त कापला गेला आणि जुळं बंद पडलं. त्यांनी ते पुन्हा सुरू केलं, जरा कमी कापलं. कितीतरी वेळा. शेवटी जुळं पळालं आणि रक्त मोकळं वाहू लागलं.

"आता माझं करा," ओवी म्हणाली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. अशक्तपणा मात्र रेंगाळला. एका दुपारी पडल्यापडल्या तिने विचारलं, "आबा, नदीचं जुळं करता येईल? पूर यायच्या आधी कळेल असं?"

"काही लोक खटपट करतायत. पण अवघड आहे बाई. नदी फार रंग बदलते. तू मोठी झालीस की लाग तिच्या मागे."

बोलून गेल्यावर आबांच्या लक्षात आलं: ओवी दुखणाईत झाल्यापासून 'मोठी झालीस की' असं घरात कुणी म्हटलं नव्हतं.

"लागेन," ओवी म्हणाली आणि तिने डोळे मिटले.