आकाशकंदिलासाठी पाडलेलं भोक

आठ महिन्यांत पावसाचा टिपूस नाही. छप्पर कोरडं, नळही धड. मग आबांच्या खोलीतल्या भिंतीच्या पोटात पाणी आलं तरी कुठून?

हे कोडं पडलं हिमालयातल्या एका उंच पठारावर, सन २०६१च्या मार्चमध्ये. तिथल्या लाकडी चौकटीच्या हवाबंद घरात हिमनद्यांचे शास्त्रज्ञ आबा आगाशे, त्यांची अकरा वर्षांची नात शाल्मली आणि वाळवी असे तिघं राहायचे. घाबरू नका, ही वाळवी लाकूड खात नव्हती. बोटाएवढा यंत्रमानव होता तो, भिंतींच्या आत सरपटत लाकडाची ओल मोजणारा.

वाळवीने सांगितलं की त्या भिंतीतल्या लाकडी खांबात ओल सव्वीस टक्के आहे आणि बुरशीही धरली आहे. वीसच्या वर ओल म्हणजे लाकूड कुजायला लागणार. एप्रिलअखेर रस्ता उघडला की तपासनीस येणार, आणि खांब असाच दिसला तर घराला टाळं. आबांची एकोणीस वर्षांची बर्फाची मोजणी तिथेच थांबणार. त्या दिवशी आबा धड जेवलेही नाहीत.

शाल्मली मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. दिवाळीत आबा हिमनदीवर गेले असताना तिने एक उद्योग केला होता. कंदील घरात टांगला तर तो आकाशकंदील कसला, म्हणून तिने ड्रिलने आबांच्याच खोलीच्या भिंतीला भोक पाडून वायर बाहेर काढली. उरलेल्या फटीत कापूस कोंबला, वर कॅलेंडर टांगलं आणि कंदील बॅटरीवर चालतो अशी थाप मारली. तेव्हापासून अळीमिळी गुपचिळी!

आबा तिला समजावून सांगू लागले. आपल्या श्वासातून, आमटी-भातातून रोज तांबेच्या तांबे पाणी वाफ होऊन घरातल्या हवेत मिसळतं. गरम हवेत ही वाफ मावते, गार हवेत मावत नाही. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब येतात ना, तेच सांद्रीभवन (वाफेचं पुन्हा पाणी होणं). म्हणून भिंतीला आतून वायुरोधक पडदा (हवा आरपार जाऊ न देणारं अस्तर) लावलेला असतो. तो धड असेल तर वाफ गार भिंतीत शिरणारच नाही. म्हणजे तो कुठेतरी फाटला होता.

आबांनी उदबत्ती पेटवली आणि ते ती भिंतीजवळून हळूहळू नेऊ लागले. धूर सरळ वर जात होता. कॅलेंडरपाशी मात्र तो वळला आणि कागदामागे ओढला गेला.

आबांचा हात कॅलेंडरकडे गेला. तेवढ्यात शाल्मली म्हणाली, "आबा, ते भोक मी पाडलंय. कंदिलासाठी."

आबा खाटेवर बसले. उदबत्ती त्यांच्या हातातच जळत राहिली. तिला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कापसाने धूळ अडते, शालू. हवा अडत नाही," ते अखेर म्हणाले. "पण चार महिने तू हे एकटीच मनात घेऊन बसलीस?"

तेव्हा ती रडली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी भोकात एक नळी बसवली, बाहेरच्या बाजूला किंचित उतरती, म्हणजे पाऊस-बर्फाचं पाणी आत येणार नाही. नळीभोवती रबरी कॉलर घालून ती पडद्याला चिकटपट्टीने घट्ट चिकटवली. मग आबांनी नळीच्या आत, वायरभोवतीही लांबी (फटी बुजवायचा लगदा) भरली. ती फट सगळेच विसरतात, असं ते म्हणाले. बाहेर नव्याने लावायच्या कॅमेऱ्याची वायरही आधीच याच नळीतून घातली होती, दुसरं भोक नको म्हणून. मग भिंतीची आतली फळी काढून खांब वाळत ठेवला.

तपासनीस आले त्या दिवशी ओल एकवीसवर अडली होती. घराला टाळं लागलं नाही, पण ती खोली मात्र वर्षभर बंद ठेवायची, असा निर्णय झाला. आबांची खाट स्वयंपाकघरात आली. रोज ती खाट बघून शाल्मलीला वाईट वाटायचं, आणि ते वाटणं काही गेलं नाही.

पुढच्या दिवाळीत कंदील पुन्हा बाहेर टांगला. तो लावण्याआधी शाल्मलीने बंद खोली तेवढ्यापुरती उघडून नळीच्या तोंडाशी उदबत्ती धरली. धूर सरळ वर गेला. तरी ती खूप वेळ हात न हलवता उभी राहिली.

भिंतीतून वाळवी म्हणाली, "चौदा टक्के."

"लाव आता," आबा म्हणाले. "उद्यापासून विसाव्या वर्षाची मोजणी. तूही चल."