'इम्पार्ट'चा अर्थ

अकोल्यातल्या त्या शाळेत विज्ञान शिक्षकाची जागा एकच होती आणि शेवटी उमेदवार उरले दोन. अमरावतीची प्रणाली बाकावर घाम पुसत बसली होती. दुसरा, बार्शीटाकळीचा सुगत, भिंतीवरची इंग्रजी पाटी वाचत उभा.

"मॅडम... हे 'इम्पार्ट नॉलेज' म्हणजे काय हो?"

सांगावं की नाही? क्षणभर तिच्या मनात आलंच. पण त्याची नजर इतकी सरळ होती, की...

"ज्ञान देणं. आपल्याजवळचं दुसऱ्याले देणं."

"मंग आपल्याजवळ काय उरते?"

"सगळंच! ते काय डब्यातला लाडू आहे?"

तो खळखळून हसला. प्रणालीलाही हसू आवरेना.

आधी दोघांनी वर्गावर एकेक नमुना पाठ घेतला. मग मुलाखतीत त्याने नेमका तोच शब्द वापरला. जागा त्यालाच मिळाली. बाहेर आला तेव्हा मात्र चेहरा पडलेला.

"तुमच्याच शब्दानं तुमची जागा घेतली मी."

प्रणाली म्हणाली, "शब्दानं नाही. तुमचा पाठ मी खिडकीतून पाहिला. एकही पोरगं जागचं हललं नाही."

अमरावतीची बस सुटता सुटता तो धावत खिडकीशी आला. "मले इंग्रजी शिकवाल काय? फोनवर?"

मग रोज संध्याकाळी फोन. थोडं इंग्रजी, पुष्कळ थट्टा. तो चुकायचा, ती रागवायची... आणि एखाद्या दिवशी फोन आला नाही, की तिचं जेवणात लक्ष नसायचं.

दिवाळीनंतर प्रणालीला अमरावतीच्याच एका शाळेत नोकरी लागली. पहिल्या दिवशी शाळा सुटली, तर फाटकाशी सुगत उभा!

"तुमी? इथं काहून?"

"आता तुमाले वेळ नसन ना शिकवाले..."

"इंग्रजी तर आली तुमाले."

"आली. म्हणूनच आलो." तो बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला. "फोन कराले आता दुसरं कारण सापडून नाही राहिलं."

"मग खरं कारण सांगा."

त्याने मान वर केली. "तुमच्याशिवाय करमत नाही मले, प्रणाली."

मॅडम नाही... प्रणाली! तिचे कान तापले. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती हळूच म्हणाली,

"बाबा रविवारी घरी असतात."

"कोणत्या रविवारी येऊ?"

"याच! काहून, अजून विचार करून राहिले काय?"