लाटेवरचा आकडा

मोबाईल खाली ठेव शिवतेज, मग सांगतो. फलटणच्या अलीकडं माझा मावसभाऊ हुता, रविराज. गेल्या माघात, वद्य पंचमीच्या रातीला तो उसाला पानी द्यायला निघाला. त्या आठवड्यात लाईट रातीचीच हुती.

विहीर सामाईक, त्याची आन चुलतभाऊ आकारामची. मोटार रिमोटवर. त्याआधी दिवाळीत, तुटलेली केबल जोडायला आकाराम विहिरीच्या पान्यात उतरला. "रिमोट माझ्या हातात हाय, फ्यूज कशाला काढतूस?" म्हनला रविराज. आन मोटार लागली. आकाराम जागीच गेला. रविराज सांगत सुटला, कुठली तरी भटकी रेडिओची लाट आली आन मोटार आपोआप चालू झाली. वर आकारामच्या बायकोला, अपेक्षाला, पान्याचा थेंब दिला न्हाई. तिचा ऊस वाळत चालला.

मी फौजेत सिग्नलला हुतो. तो मला शिकवतोय व्हय? बटन दाबलं की रिमोटमधली चिप आपला आकडा लाटेवर चढवती. लाट म्हंजे पोस्टमनची सायकल, आकडा म्हंजे टपाल. नुसती सायकल दारात आली म्हनून काय हुतंय? आकडा जुळला तरच विहिरीवरचा डबा, म्हंजे स्टार्टर, मोटार चालू करतो. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तवापासनं आमचं बोलनं बंद.

माघातल्या त्या रातीला त्याचाच फोन आला.

"दादा, रिमोटचे सेल काढलेत. तरी डब्यावरचा दिवा लुकलुकतोय."

"म्हंजे आकडा जुळतोय. लाट कुठनं येतीया?"

"डब्याची एरियल विहिरीत वाकवली की… दिवा जोरात."

पान्याखालनं असली लाट येत न्हाई, पोरांनो.

"रविराज, बटन तूच दाबलं हुतंस?"

"व्हय, दादा…"

मोटार लागली. मला ऐकू आली. मग त्याचा श्वास. मग…

हाका मारल्या. नुसती मोटार.

सकाळी गेलो. रविराजचा हात डब्याला चिकटलेला. करंटनं धरला, म्हनले लोक. आसंल. वाईट वाटलं मला, पन अपेक्षाकडं बघून लय न्हाई वाटलं.

ती तिच्या उसात उभी हुती, घोटाभर पान्यात. रातभर पानी तिकडंच गेलं हुतं. रविराजच्या सऱ्या कोरड्या ठाक. मी पाईपावरचे पानी सोडायचे व्हॉल बघितले. रविराजच्या बाजूचा सताड उघडा. तिच्या बाजूचा बंद, आन त्यावर रविराजनं घातलेलं कुलूप तसंच.